जेम्सच्या गजाली

मालवण, आषाढातला रविवार

सकाळपासून धो धो चाललंय. लाईट कधीच गेली. कपाटाला बुरशीचा वास यायला लागला म्हणून धाकट्याचा कप्पा उपसायला घेतला, तर कपडे राहिले बाजूला आणि हाती लागलं जेम्स रॅलिसनचं २०१८ सालचं पुस्तक. पानं दमटून फुगलीत, कडेला कसरीने नक्षी काढलीय. तिथेच फतकल मारून बसले, ती उठलेच नाही.

यूट्यूबवरचा 'द ऑड वन्स आउट' तो हाच. अ‍ॅरिझोनाचा पोरगा. शाळेत असतानाच, २०१२ मध्ये, टम्बलरवर कॉमिक्स टाकायला लागला; २०१४ पासून अ‍ॅनिमेशन. चार रेघांत उभी केलेली पांढरीफटक गोल डोक्याची माणसं आणि त्याची ती भरभर बडबड.

तेव्हा आमच्या वाडीत धड रेंज नव्हती. धाकटा संध्याकाळी सड्यावर जायचा, जांभ्याच्या गडग्यावर मोबाईल ठेवून व्हिडिओ उतरायची वाट बघत बसायचा. रात्री जेवणं उरकली की एकाच इयरफोनचं एकेक टोक आम्हा दोघांच्या कानात. इंग्रजी निम्मंच कळायचं, पण सँडविचच्या दुकानातल्या नोकरीचे किस्से पाठ झाले होते.

पुस्तक म्हणून ते फार ग्रेट आहे असं नाही. व्हिडिओत तो नेमक्या वेळी क्षणभर गप्प राहतो आणि तिथेच हसू फुटतं. कागदावर तोच विनोद कधीकधी फुसका निघतो. यूट्यूबवर नाव कसं झालं वगैरे भाग मी सरळ उलटला. पण शाळेतले दांडगट, पहिल्यावहिल्या नोकऱ्या असलं काही आलं की गडी रंगतो. आपलीच फजिती तिखटमीठ लावून सांगायची, मध्येच भलतीकडे भरकटायचं, आठवेल तेव्हा मूळ गोष्टीवर यायचं. आमच्याकडे खळ्यात बसून गजाली मारणारे वेगळं काय करतात? वाळवंटातलं ते पोर आम्हाला परकं वाटलं नाही ते बहुतेक त्यामुळेच. वाचताना मात्र सारखा आमचाच येडा आठवत होता, सड्यावरून धावत येत "ताई, झाला डाउनलोड!" म्हणून ओरडणारा. आता बोटीवर असतो. व्हिडिओ बघायला वेळ नाही म्हणतो.

माझं हसणं ऐकून आई पडवीतून ओरडली, "कित्याक गो हसतंस एकटीच?"

सँडविचवाला किस्सा तिला मालवणीत सांगितला. ढिम्म. "ह्यां काय! तुझ्या मामाच्या खानावळीत..." म्हणत कुळीथ निवडता निवडता तिने जे सुरू केलं, ते बांगड्याचं तिखलं चाटूनपुसून खाऊन, काटे तेवढे ताटात ठेवून "मासो ताजो नाय" म्हणत पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाईकापर्यंत पोचलं. मामाचा आवाज काढून सांगत होती. मी पोट धरून लोळले.

"आता ह्यां लिव तुझ्या त्या पुस्तकात," म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.