थंडी जाता जाता

आज पहाटे पुन्हा कडाक्याची थंडी, आणि दुपारी मात्र स्वेटर काढून हातात घ्यावा लागला. हिवाळा सरताना असंच होतं. आभाळ निरभ्र, ढगांचं पांघरूण नाही; दिवसा तापलेली जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि सगळ्यात बोचरा गारवा उजाडल्यावर जाणवतो. नदीकाठच्या सखल भागात गार, जड हवा उतरून बसते. तिथलं धुकं नऊ वाजून गेले तरी हललं नव्हतं.

तशा धुक्यातही शाळेच्या हॉलमध्ये रक्तदानासाठी रांग लागली, याचं मला फार अप्रूप वाटलं. आपल्यासारख्या छोट्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे एक आला की चौघांना घेऊन येतो. नर्सताईंनी सांगितलेलं सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे: रक्तातल्या लाल पेशी शीतपेटीत साधारण 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स मात्र जेमतेम पाचच दिवस. म्हणजे वर्षातून एकदा मोठी गर्दी करण्यापेक्षा थोडे थोडे लोक नेमाने येणं जास्त कामाचं. हे शिबिर वर्षातून दोन-तीनदा तरी व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी पाण्याची बैठकही झाली. विहिरींची पातळी आत्तापासूनच मोजून ठेवायची असं ठरलं, बरं झालं.

पुढच्या शिबिराची तारीख ठरली की इथे टाकते. येताना उपाशीपोटी येऊ नका, आणि भरपूर पाणी पिऊन या.