पुराचे गणित मायपायसीने कंपाइल करताना: माझा अनुभव

आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, हे आम्हा सांगलीकरांना पाठ असते. कोयना आणि कृष्णा कराडला एकत्र आल्यावर पुराची लाट सांगलीपर्यंत कशी सरकते, याचा अंदाज बांधणारा एक प्रोग्रॅम मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला आहे. त्यासाठी मस्किंगम पद्धत वापरली. या पद्धतीत नदीच्या एखाद्या टप्प्यातून पुढे जाणारा विसर्ग हा आताची आवक, मागच्या तासाची आवक आणि मागच्या तासाचा विसर्ग यांना तीन गुणकांनी गुणून, त्यांची बेरीज करून मिळतो. या तीन गुणकांची बेरीज नेहमी १ असते. गणित सोपे आहे, परंतु हे गुणक ज्यांवरून ठरतात त्या लाटेचा प्रवासकाळ आणि भारांक (आवक व विसर्ग यांना दिलेले सापेक्ष वजन) यांच्या असंख्य जोड्या जुन्या पुरांच्या नोंदींशी ताडून पाहाव्या लागतात आणि तिथे प्रोग्रॅम फार रेंगाळत असे.

अशा वेळी नम्पाय (आकड्यांच्या मालिकांवर एकदम गणित करणारी पायथनची लायब्ररी) वापरण्याचा सल्ला मिळतो. इथे मात्र प्रत्येक तासाचे उत्तर आधीच्या तासाच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे संपूर्ण मालिकेवर एकदम क्रिया करता येत नाही. तेवढा भाग सी भाषेत लिहिला असता, तर एकच गणित दोन ठिकाणी सांभाळावे लागले असते, आणि ते मला मान्य नव्हते. कोडमध्ये टाइप हिंट (कोणते मूल्य कोणत्या प्रकारचे आहे हे सांगणाऱ्या खुणा) आधीपासून होत्या, म्हणून त्यांच्याच आधारे सी एक्स्टेंशन, म्हणजे पायथनमधून वापरता येणारा सीमधील कंपाइल केलेला भाग, तयार करणारे मायपायसी मी निवडले. टाइप तपासणारे मायपाय हे साधन स्वतःही मायपायसीने कंपाइल केलेले असते आणि त्यामुळे त्याचा वेग सुमारे चौपट झाला, ही गोष्ट मला विश्वासार्ह वाटली.

मायपाय बसवले की मायपायसी सोबतच येते. लिनक्सवर त्याखेरीज जीसीसी हा सी कंपाइलर आणि पायथनच्या हेडर फाइली लागतात. आज्ञा देऊन फाइल कंपाइल करणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग होता. पहिल्या कंपाइलनंतर वेग वाढला, पण अपेक्षेइतका नाही. कारण शोधताना असे दिसले की नोंदी वाचणाऱ्या लायब्ररीला टाइप नसल्यामुळे तिथून येणारे मूल्य ‘एनी’ (म्हणजे कोणत्याही टाइपचे) ठरत होते आणि तेच थेट आतल्या लूपपर्यंत पोहोचत होते. मूल्याचा टाइप माहीत नसेल, तर कंपाइलरला प्रत्येक गुणाकारासाठी पायथनच्या सर्वसाधारण यंत्रणेकडेच जावे लागते. त्यामुळे वाचनाचा भाग मी वेगळ्या, कंपाइल न केलेल्या मॉड्यूलमध्ये ठेवला आणि गणिताच्या मॉड्यूलमधील प्रत्येक फंक्शनच्या सीमेवर टाइप स्पष्ट लिहिले.

नदीच्या टप्प्यासाठी केलेल्या क्लासमध्ये सर्वांत मोठा फरक पडला. मायपायसी अशा क्लासचे गुणधर्म डिक्शनरीत (नावावरून मूल्य शोधण्याच्या कोशात) न शोधता ठरलेल्या जागेवरून थेट उचलते; त्या बदल्यात ऐनवेळी नवा गुणधर्म जोडण्याची मुभा राहत नाही. मला हा व्यवहार फायद्याचा वाटतो. कंपाइल केलेला कोड टाइप चालतानाही तपासतो, त्यामुळे एखाद्या तासाची नोंद आकड्याऐवजी मजकूर म्हणून आली, तर ती क्लासमध्ये भरतानाच टाइप एरर येते. पुराच्या अंदाजात चुकीचे मूल्य दारातच अडणे मला वेगाइतकेच मोलाचे वाटते. यादीबाबत मात्र सावध राहावे लागते: फ्लोटची (दशांश संख्यांची) यादी असे लिहिले, तरी तिच्यातील घटक पायथनचे ऑब्जेक्ट म्हणूनच राहतात आणि प्रत्येक घटक वाचताना तपासला जातो. म्हणून मागच्या तासाची आवक आणि विसर्ग पुन्हा यादीतून न वाचता मी स्थानिक चलांमध्ये ठेवले.

जुनी आणि नवी उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा ती जुळली. पायथनचा फ्लोट मुळातच सीमधला डबल हा संख्याप्रकार असल्यामुळे तशी अपेक्षाही होती. चाचण्यांची रचना थोडी बदलावी लागली. मॉड्यूलमधील एक फंक्शन काढून त्या जागी तात्पुरते दुसरे ठेवण्याची पद्धत कंपाइल केलेल्या कोडमध्ये चालत नाही, कारण आतले कॉल थेट सी फंक्शनकडे जातात. आता असे फंक्शन मी आर्ग्युमेंट म्हणून देतो.

हे करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एकाच नावाची मूळ फाइल आणि कंपाइल केलेली फाइल शेजारी असेल, तर पायथन कंपाइल केलेली फाइल आधी उचलतो. त्यामुळे मूळ फाइल बदलल्यावर पुन्हा कंपाइल करेपर्यंत जुनेच गणित चालते. म्हणून दुरुस्तीच्या काळात मी कंपाइल केलेली फाइल काढून टाकतो. डीबगरने (चुका शोधण्याच्या साधनाने) कोड ओळीओळीने पाहायचा असेल, तरीही हाच मार्ग आहे.

वारणा हरिपूरजवळ कृष्णेला मिळते आणि तिला पूर असला की सांगलीतील पाण्याचा उतार मंदावतो; हा फुगवटा साध्या मस्किंगम पद्धतीत येत नाही. त्यासाठीचे समीकरण मी सध्या लिहीत आहे आणि ते पक्के होईपर्यंत कंपाइल न करता साध्या पायथनमध्येच चालवतो आहे.