शकुंतला अजून इंग्रजांचीच आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडचा म्हटलं, की आमच्या छोट्या रुळांच्या गाडीबद्दल पुढचा प्रश्न ठरलेला: शकुंतला अजून इंग्रजांचीच ना? लंडनला पैसे जातात ना?

नाही. ज्या किलिक निक्सननं ही लाईन उभी केली, ती पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली. मूर्तिजापूर–यवतमाळ गाडी इंग्रजांच्या काळातली. रूळ खासगी कंपनीचे, गाडी चालवणार जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणातून लाईन वगळली गेली आणि तीच मांडणी मध्य रेल्वेकडे आली. लंडनचं नाव घेतलं की माझं डोकं फिरतं, कारण मग निर्णय कोण घेतं हे कोणी विचारतच नाही.

जीआयपीला १८४९ च्या करारानं भांडवलावर ५ टक्क्यांची हमी होती. कमाई कमी पडली तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातूनही. १९०५ ला रेल्वे बोर्ड आलं, १९२५ ला जीआयपीचा कारभार सरकारनं घेतला. फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्याचं मत कशातच नव्हतं.

गाडी बंद झाल्यानंतर एका सकाळी कारंज्याकडून मामाचा फोन आला. आजी गेली. एसटी नुकतीच निघून गेली होती, ऑटो भरल्याशिवाय हलेना. आई फाट्यावर बसली. समोरच रूळ, त्यांत बाभळी वाढलेल्या. याच रुळांवरून ती आयुष्यभर माहेरी गेली. डबा हळू चालायचा, पण दारात नेऊन सोडायचा. ती एकच विचारत होती, "माह्या मायचं तोंड पाहाले भेटन का रे मले?" मी "भेटन" म्हणत राहिलो. पोचलो तेव्हा माती झाली होती. आई रडली नाही. आजीच्या रिकाम्या खाटेची सैल झालेली सुंभं ओढून ओढून घट्ट करत राहिली. मामी चहा घेऊन आली, तरी हात थांबेनात.

कॉलेजात असताना मी तावातावानं म्हणायचो, कापसाच्या गाठींसाठी का होईना, रूळ टाकले म्हणून आमच्या बाया माहेरी जाऊ शकल्या. त्या पोराचं म्हणणं आजही मला खोडता येत नाही. पण त्यासाठी इंग्रजांचे आभार मानणं जमत नाही, आणि सगळा दोष त्या काळावर ढकलणंही जमत नाही. ती मांडणी पुढे आपणच ठेवली ना?

आता ब्रॉडगेज होणार म्हणतात. व्हावी, मनापासून वाटतं. पण ती गाडी आमच्या लहान टेसनांवर थांबणार की नाही, हे कोण आणि कुठे बसून ठरवणार, ते मला आधी सांगा.