रिफिलचा तुकडा

मारबतच्या दिवशी मी माझं गाड्यांच्या रेडिओचं दुकान उघडत नाही. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर; नागपुरात त्या दिवशी मारबतींचे मोठाले पुतळे मिरवतात आणि रोगराई, इडापिडा "घेऊन जा गे मारबत" म्हणून लोक ओरडतात. उघडून उपयोगही नसतो. सगळं शहर महाल-इतवारीकडे धावतं, काळी मारबत कुठवर आली अन् पिवळी कुठं अडली याच्याच गप्पा. कामावरचा पोरगा तर आदल्या रात्रीपासूनच मनानं तिकडे पोचलेला असतो. पण २०१९ च्या पोळ्याला मी एका काकांना शब्द देऊन बसलो होतो. करीच्या दिवशी गाडी आणा, दुसरं गिऱ्हाईक नसेल, निवांत पाहू.

काका साडेआठलाच हजर. सत्तरीच्या आसपासचे, धोतर नाही पण टोपी होती. गाडी कागदावर प्रीमियर पद्मिनी, आमच्या तोंडी ती फियाटच. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग केलेलं, राखाडी रंग चकचकत होता. डॅशबोर्डात जुना काटेवाला सेट, पाच बटणांचा, मीडियम वेव्ह आणि एफएम.

"तीन दुकानं झाली, भाऊ," ते उतरता उतरताच म्हणाले. "सगळ्यायचं एकच. सेट फेका, ब्लूटूथवाला बसवा. मले कायले पायजे ब्लूटूथ? मले ५८५ पायजे."

५८५ किलोहर्ट्झ म्हणजे आकाशवाणी नागपूर, मीडियम वेव्ह. काकांची काटोलकडे संत्र्याची बाग. आठवड्यातून तीनदा जाणं-येणं. शहरात एफएम झकास वाजतं, पण कळमेश्वर मागे पडलं की ते विरायला लागतं, कारण एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांबवर जाते, काटोल तिला काहीच नाही. पण काकांच्या गाडीत ते स्टेशन अंगणातसुद्धा नीट लागत नव्हतं. विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा निवेदक, आणि त्याच्यावर खरखर. "रातच्याला ते नॅशनल चॅनल तरी लागायचं कधीमधी, तेही या वर्षी बंद करून टाकलं," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते मीच बंद केलं.

रेडिओची तक्रार आली की लोक सेट उघडतात. मी आधी गाडी बंद करतो. इंजिन बंद ठेवून रेडिओ लावायचा, ऐकायचं. मग इंजिन चालू, मग रेस. रेस वाढवली की आवाजात शिट्टी चढत गेली तर चार्जिंगकडचा रोग. टकटक वेगानं वाढली तर स्पार्क प्लगकडचा. इंजिन बंद असतानाही आवाज असेल तर तिसरंच काही. इथे तर तिन्ही नांदत होते. इंजिन बंद, तरी सेटमधून एक चिवट गुणगुण. मी खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढला. हे माझं आवडतं हत्यार, महागड्या मीटरपेक्षा जास्त कामाला येतं. त्याच्या पोटात फेराइटची दांडी असते, ती दिशा ओळखते. ट्रान्झिस्टर फिरवत डॅशबोर्डवरून नेला तर सिगारेट लायटरच्या खाचेशी गुणगुणीनं नुसता कल्ला केला. तिथे मोबाइलचा चार्जर खोचलेला, रस्त्यावर मिळतो तो. मोबाइल लावलेला नव्हता, तरी साहेब आपले आत सुरूच. उपटला, गुणगुण गेली.

"हा नातवानं देला," काका म्हणाले आणि तो गुपचूप खिशात टाकला.

मग सेटची परीक्षा. मागून अँटिनाचा प्लग काढला आणि त्या भोकातल्या मधल्या टोकाला दहा-बारा फूट साधी वायर लावून दुकानाच्या शटरवरून लटकवली. ५८५ दणक्यात आलं. शेतीचं काही तरी चाललं होतं, काकांनी मान पुढे करून ऐकायलाच सुरुवात केली. सेट ठणठणीत. म्हणजे जो काही घोळ होता तो प्लगपासून मडगार्डावरच्या दांडीपर्यंतच्या जेमतेम दोन मीटरमध्ये होता, आणि तिन्ही दुकानांनी नेमकं तेवढंच सोडून बाकी सगळं पाहिलं होतं.

मीटर लावला. दांडीच्या टोकापासून प्लगच्या मधल्या पिनेपर्यंत जवळपास शून्य ओहम. दांडी ते बॉडी, काही जोडच नाही. हेही बरोबर. मग केबलची बाहेरची जाळी ते गाडीची बॉडी. इथे एक ओहमसुद्धा यायला नको, काटा दोनशेच्या वर डुलत होता. चाक वळवून मडगार्डाखाली हात घातला, टॉर्च मारला. अँटिनाच्या बुडाला दातेरी वायसर असतो, तो पत्र्यात रुतून बसायला हवा. पेंटरनं अँटिना काढली, छान प्रायमर मारला, छान रंग मारला आणि ताज्या रंगावर ती परत आवळून दिली. रंग म्हणजे काच, वीज जाऊ देत नाही. जाळीला अर्थिंग मिळणार कुठून? अर्थिंग नसलं की जाळी कवच राहत नाही, तीच अँटिना होते आणि स्पार्क प्लगच्या ठिणग्या झेलून सेटला पोचवते.

नट खोलला. भोकाभोवतीचा रंग आतून रुपयाच्या नाण्याएवढा खरवडला, पत्रा लखलखेपर्यंत. वायसर बदलला, आवळला, वरून व्हॅसलीन थापलं, पावसाळा अजून बाकी होता. मीटर शून्यावर. इंजिन सुरू केलं, टकटक नावापुरती उरली. मी खुश.

आणि ५८५? होतं तिथेच. विहिरीच्या तळाशी.

काका काही बोलले नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली एवढंच. ते मला जास्त लागलं.

मीटर म्हणत होता केबल सलग आहे. पण सलग असणं आणि योग्य असणं यात फरक असतो हे आपल्याला ठाऊक असूनही आपण मीटरवर विश्वास टाकतो. ग्लव्ह बॉक्स काढला, रबरी ग्रोमेटमधून केबल ओढली, आणि हातात आली काळी, जाडजूड, म्हशीच्या शेपटीसारखी टीव्हीची केबल.

मोटारीच्या अँटिनाची मूळ केबल दिसायला गरीब असते. पोकळ नळी, आणि तिच्यात केसासारखी बारीक तार, तीही सरळ नाही, नागमोडी. पाहणाऱ्याला वाटतं की माल हलका आहे. पण ती मुद्दाम तशी केलेली असते. तार बारीक आणि भोवती हवा, म्हणून तार आणि जाळी यांच्यातली कपॅसिटी, म्हणजे वीज साठवून धरायची ताकद, कमी. ती पिकोफॅरडमध्ये मोजतात, इथे दर मीटर लांबीला साधारण तीस. टीव्हीच्या केबलमध्ये ती दुपटीच्या आसपास. एफएमला त्याचं फारसं सोयरसुतक नाही. तिथली लहर तीन मीटरची, पाऊण मीटर दांडी उभी केली की तिचा चौथा हिस्सा झाला, काम चोख. पण ५८५ ची लहर पाचशे तेरा मीटरची. तिच्यापुढे आपली दांडी म्हणजे टाचणी. त्या टाचणीची स्वतःची कपॅसिटी दहा-पंधरा पिकोफॅरड, ती काय गोळा करणार? जे गोळा करते ते केबलच्या पोटातच जिरतं.

मी हे काकांना सांगत होतो, अर्धं त्यांना, अर्धं स्वतःला. ते म्हणाले, "म्हणजे मोटर चांगली, झाड चांगलं, पण पाटच पाणी पिऊन राहिला." इतके दिवस मी पोरांना हे पिकोफॅरडनं शिकवत होतो.

तेवढ्यात केबलचं दुसरं टोक बाहेर आलं, प्लगच्या अलीकडचा जोड. वर कापडी टेप, उन्हानं चिवट झालेली. सोलली. खाली जाळी पिळून सोल्डर केलेली, तिच्या आत मधल्या तारेचा जोड, आणि त्या जोडावर इन्सुलेशन म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा तुकडा. आत निळी शाई वाळलेली.

मी तो तुकडा बोटांत धरून बराच वेळ नुसता बसलो. २००७ च्या सुमाराला मी बर्डीवर एका दुकानात कामाला होतो. तेव्हा शहरात नवे नवे खाजगी एफएम आले होते आणि ज्याला त्याला गाडीत एफएम हवं होतं. हीट श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की जोडावर आवळून बसणारी नळी, मला तेव्हा चैनीची वस्तू वाटायची. म्हणून मी रिकाम्या रिफिली जमवायचो, रॉकेलनं धुवायचो, कापून जोडावर चढवायचो. धुतल्या तरी शाई राहायचीच. उस्ताद चिडायचे, "हे काय शाळेचं दप्तर आहे का बे?" दुसरं कोणी असलं काही करताना मी पाहिलं नाही. ही गाडी तेव्हा वेगळ्या रंगाची असणार, मालक वेगळा. बहुतेक उंदरानं केबल कुरतडली असेल, मी कोपऱ्यातली टीव्हीची केबल घातली असेल, एफएम खणखणीत वाजलं असेल, मालक खुश होऊन गेला असेल. मीडियम वेव्ह लावून पाहायचं माझ्या डोक्यातही आलं नसणार.

गप्प राहता आलं असतं. पाचेक मिनिटं तोच विचार केला, खोटं कशाला सांगू.

"काका, हे काम माझंच आहे," मी म्हणालो. "बारा वर्षांपूर्वीचं."

त्यांनी तुकडा हातात घेतला, उजेडात धरून पाहिला. "म्हणजे रोगही तुमचा अन् दवाही तुमचीच," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "मी गाडी घेऊन चारच वर्षं झाली. बाकी आठ वर्षं त्या पयल्याची गेली. त्याले सांगा." आणि हसले. मला हसू आलं नाही.

माळ्यावर भंगारातल्या एका गाडीची अँटिना टांगलेली होती, मूळ केबलसकट. केबल शाबूत निघाली. ती घातली, जोड न देता सलग प्लगपर्यंत. ५८५ लागलं तसे काका सीटवर सरळ होऊन बसले.

पण काम संपलं नव्हतं. सेटच्या मागे अँटिनाच्या भोकाशेजारी एक बारीक स्क्रू असतो, ट्रिमर. दांडी आणि केबल यांची जी काही कपॅसिटी असेल तिच्याशी सेट जुळवून घ्यायला तो दिलेला असतो. बहुतेकांना तो आहे हेच माहीत नसतं. केबल बदलली की तो फिरवायलाच हवा, आणि तोही १४०० किलोहर्ट्झच्या आसपास, दूरचं, अशक्त स्टेशन लावून. जोरकस स्टेशनवर जमत नाही, सेट आपणहून आवाज सांभाळून घेतो, मग फरक कानाला कळत नाही. आता भर दुपारी १४०० ला अशक्त स्टेशन कुठून आणू? दिवसा दूरची मीडियम वेव्ह आकाशातच शोषली जाते. सूर्य मावळला की वरून परावर्तित होऊन उतरायला लागते.

"थांबतो," काका म्हणाले. "घरी तान्ह्या पोळ्याचा गोंधळ हाय, तिथं तसंही कोण आयकून घेते?"

पोरगा तीनच्या सुमाराला मारबत पाहून आला, घसा बसलेला. यंदा कोणकोणते बडगे, म्हणजे चालू घडामोडींवर टोमणे मारणारे पुतळे, निघाले याचं वर्णन त्यानं अर्धा तास केलं. काकांनी त्याला रिफिलची हकिकत सांगितली, माझ्यासमोर, जरा मीठमसाला लावून. पोरगं गाडीच्या बॉनेटवर थाप मारून ओरडलं, "खरखर घेऊन जा गे मारबत!" मी त्याला चहा आणायला पिटाळला.

सातनंतर मीडियम वेव्हचा पट्टा दूरच्या स्टेशनांनी भरायला लागला. काटा १४०० कडे नेला, खूप दूरचं कुठलं तरी स्टेशन, भाषा कळेना, मधेच यायचं, मधेच बुडायचं. दांडी पूर्ण उपसली. प्लास्टिकचा पेचकस घेऊन स्क्रू केसभर डावीकडे फिरवला, आवाज पडला. उजवीकडे. चढला. अजून थोडा. चढून परत उतरायला लागला, तिथून मागे आलो. इतकंच ते काम, अर्ध्या मिनिटाचं. ५८५ वर परत आलो तेव्हा निवेदक पुढच्या सीटवर बसून बोलत होता.

मजुरी घेणार नाही म्हटलं तर काका ऐकेनात. शेवटी चार्जरवर तडजोड झाली. मी त्यांना फिल्टरवाला चांगला चार्जर दिला आणि फक्त त्याचे पैसे घेतले.

चार दिवसांनी फोन आला.

"भाऊ, काटोलपर्यंत एकदम क्लिअर. पण वर्धा रोडवर मेट्रोखालून गेलो तं पुन्हा घरघर."

"काका, तिथं वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. ती घरघर मेट्रोची."

"पक्कं ना? का तिथंही तुमची रिफिल हाय?"