‘काय’ मागितलं तर नारळ मिळतो

मराठी माणूस दिवसातून शंभरदा ‘काय’ विचारतो. बेळगावच्या बाजारात शेजारचा कन्नड माणूस तोच ‘काय’ पिशवीत भरत असतो. कन्नड ‘कायि’ म्हणजे न पिकलेलं फळ. लिहिताना शेवटी ऱ्हस्व इकार येतो, पण बोलताना तो जवळजवळ गिळला जातो, म्हणून आपल्या कानाला सरळ ‘काय’ ऐकू येतं.

पिकलं की कायचं ‘हण्णु’ होतं. खरेदीपुरतं कन्नड शिकायचं असेल तर सुरुवात या जोडीपासूनच करावी, आकडे नंतर. माविनकाय म्हणजे कैरी, माविनहण्णु म्हणजे आंबा. बाळेकाय भजीसाठी, बाळेहण्णु खायला. नुसतं ‘माविन’ म्हटलं तर अर्थ ‘आंब्याचं’ एवढाच होतो. पुढचा तुकडा गिळला की गडबड झालीच, कारण कोणता माल हवा ते तोच सांगतो.

ज्या फळभाज्या पिकायच्या आधीच शिजवायच्या, त्या बहुतेक सगळ्या ‘काय’. बदनिकाय वांगं, बेंडिकाय भेंडी, हिरिकाय दोडका, सवतिकाय काकडी, हागलकाय कारलं, नुग्गिकाय शेवग्याची शेंग. वाळलेली लाल ब्याडगीसुद्धा ‘ओणमेणसिनकाय’च. पिवळं लिंबू मात्र निंबिहण्णु. लोणच्याला उप्पिनकाय म्हणतात. उप्पु म्हणजे मीठ, तेव्हा हे झालं मिठातलं काय. किती नेमकं नाव आहे!

समासात कधी ‘क’चा ‘ग’ होतो आणि मराठी कान फसतो. ‘एण्णिगायी’ या नावात गाय कुठंच नाही. एण्णि म्हणजे तेल, गायी म्हणजे तेच काय. लहान वांग्यांना देठ ठेवून चार चिरा द्यायच्या, दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, मसाला भरायचा आणि सढळ तेलात शिजवायची. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर याला तोड नाही.

मागं नाव न लावता आलेला काय म्हणजे बहुतेकदा नारळ. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर ‘हण्णुकाय’ म्हणजे केळी आणि नारळ. पण कन्नडमध्ये याच आवाजाची क्रियापदंही आहेत: तापणं, राखणं, वाट पाहणं. त्यामुळं ‘कायि हालु’ म्हणजे नारळाचं दूध आणि ‘हालु कायसु’ म्हणजे दूध तापव. रेसिपी ऐकताना हालु आधी आला की नंतर, तिकडं लक्ष ठेवावं.

दखनीतला, म्हणजे दख्खनच्या उर्दू बोलीतला ‘कायकू’ (कशाला) आपल्या बाजूचा, म्हणजे प्रश्नच. संस्कृत ‘काय’ म्हणजे देह. आयुर्वेदातली कायचिकित्सा त्यातलीच, आणि बाराव्या शतकातल्या शरणांनी, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेतल्या शिवभक्तांनी, ज्याला कैलासाची योग्यता दिली तो ‘कायक’, म्हणजे देह झिजवून केलेलं काम, तोही त्यातलाच.

ओळखायचं कसं? मराठी काय मोकळा फिरतो, वाक्यात पुढं किंवा अगदी शेवटी, ‘आलास काय?’सारखा. कन्नड काय बहुतेकदा नावाच्या शेपटाला चिकटून येतो. कन्नडमध्ये प्रश्नाला ‘एनु’ लागतो आणि दर विचारायला ‘हेंग’. म्हणून कन्नड भाजीवालीला ‘वांगी काय भाव?’ऐवजी ‘बदनिकाय हेंग किलो री?’ असं विचारावं. शेवटचा ‘री’ आदराचा, तो विसरू नये.