स्नायूची उष्णता मोजली, पण आधी अर्ज पास करावा लागला

उंदराच्या पोटरीतला सोलिअस स्नायू जेमतेम सेंटिमीटरभर लांब. तो वेगळा काढून क्षारद्रावणात जिवंत ठेवायचा, विजेचा झटका द्यायचा आणि आकसताना तो किती उष्णता सोडतो ते मोजायचं. याच शोधासाठी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांना १९२२चं नोबेल मिळालं. ते बेडकाचा स्नायू वापरत, म्हणून प्राण्यांवर प्रयोगाची परवानगी मागणाऱ्या पहिल्या अर्जात मीही बेडूक लिहिला. आपला मोठा बेडूक वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे. अर्ज परत आला. ती चूक माझी.

पुढचं मात्र अजून डोक्यातून जात नाही. ही परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीचा फॉर्म बी, म्हणजे तोच अर्ज, दुसऱ्यांदा भरला, तर महिन्याने ‘त्रुटी पूर्ण करा’ एवढाच शेरा. कोणती त्रुटी? खिडकीवर विचारलं तर ‘मीटिंगमध्ये कळेल’. मीटिंग ठरली, पण केंद्राचा प्रतिनिधी आला नाही, म्हणून रद्द. पुढची तीन महिन्यांनी. कॉलेजातले शिपाईकाका दर वेळी विचारायचे, “भाऊ, आज बी परत आला का?” शेवटी एका मॅडमनी पाच मिनिटांत सांगितलं: ‘प्राण्यांशिवाय होईल का’ या रकान्यात मी नुसतं ‘नाही’ लिहिलं होतं, आणि २४ उंदीर का लागतात याचा हिशोबच नव्हता. ही पाच मिनिटं आधी कुणी दिली असती तर माझा उन्हाळा वाचला असता! तर कारणं सविस्तर लिहा, आकड्यामागचं गणित जोडा, आणि शेरा मिळाला की लेखी खुलासा मागा.

मंजुरी आली ती मेमध्ये. जळगावचा पारा ४४ वर, आणि मला मोजायचे अंशाचे हजारावे भाग. थर्मोपाइलचे (तापमानातला फरक विजेच्या दाबात बदलणाऱ्या तारांचे) २० जोड, प्रत्येकी अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट; ०.००३ अंशाला मिळतात अडीच मायक्रोव्होल्टसुद्धा नाही. पंख्याच्या झुळकीनेही नोंदीची रेघ सरकते. म्हणून रात्री दोनला, पंखे बंद करून, स्नायूची पेटी पाण्याच्या टाकीत तासभर स्थिरावू दिली. आत सोडायचा ऑक्सिजन आधी पाण्यातून बुडबुडत न्या. आपल्या कोरड्या हवेत स्नायूवरची ओल उडते आणि तो उलट थंड होतो.

झटका थांबल्यावरही रेघ कितीतरी मिनिटं हळूहळू चढत राहिली. स्नायू पूर्ववत होताना सोडतो ती ही उष्णता. ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन सोडला, तशी ती जवळपास नाहीशी झाली. त्या रात्री मी घरी गेलोच नाही.

हो, शेवटी २४ ऐवजी १२ उंदरांतच भागलं, ते कसं हे सांगायचं राहिलंच: एकाच उंदराच्या दोन्ही पायांचे स्नायू वापरले, एक प्रयोगाला, दुसरा तुलनेला.