मंगलाजोडीचे राखणदार आणि चिलिकेचं नवं तोंड

विशाखापट्टणमहून भुवनेश्वरकडे जाणारी दिवसाची गाडी मुद्दाम निवडली आणि उजवीकडची खिडकी पकडली. ब्रह्मपूर मागे पडलं, रंभा जवळ आलं आणि डावीकडे पूर्व घाटाचे डोंगर असतानाच उजवीकडे पाणी सुरू झालं. ते संपेचना. पैलतीर नाही, लाटा नाहीत, मधूनच एखादं बेट, त्यापलीकडे पुन्हा पाणी. समोरच्या बाकावरच्या काकूंनी पाण्याकडे पाहून हात जोडले. आत एका बेटावर कालीजाई देवीचं देऊळ आहे. इथले कोळी तिला विचारल्याशिवाय वल्हं उचलत नाहीत म्हणतात.

हीच ओडिशातली चिलिका. नाव शाळेच्या भूगोलात पाठ केलेलं असतं, 'खाऱ्या पाण्याचं सरोवर' एवढंच. पण हे पाणी सगळीकडे सारखं खारं नाही. उत्तरेला महानदीच्या फाट्यांचं, म्हणजे दया, भार्गवी, नूना या नद्यांचं गोडं पाणी येतं. पूर्वेला वाळूच्या लांबलचक पट्ट्यापलीकडे बंगालचा उपसागर आहे आणि तो एका तोंडातून भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर करतो. पावसाळ्यात सरोवर फुगून साडेअकराशे चौरस किलोमीटरपर्यंत जातं, उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास येतं. त्या गोड्या-खाऱ्याच्या मिसळीवरच इथले मासे, कोळंबी, खेकडे, पक्षी आणि दीड-दोन लाख कोळ्यांची पोटं चालतात.

बाळूगावला उतरून हायवेने टांगी, आणि तिथून आत वळून मंगलाजोडी. हे गाव चिलिकेच्या उत्तर टोकाला, गोड्या पाण्याच्या बाजूला आहे. रस्त्याच्या कडेला नावा बांधायचं काम चाललेलं दिसतं. उलट्या घातलेल्या नावा, डांबराचा वास, फळ्यांच्या फटींत बोळे ठोकणारी माणसं. गावातल्याच ट्रस्टच्या साध्या खोल्यांमध्ये आम्ही दोघी मैत्रिणी उतरलो. जेवायला भात, डालमा आणि मोहरीतला मासा. डालमा म्हणजे डाळ आणि भाज्या एकत्र शिजवून वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. पहिल्या घासाला सपक वाटली, दुसऱ्या दिवशी मी मागून घेतली.

पहाटे बंधाऱ्यावरून धक्क्यावर गेलो. इथे मोटारीची नाव चालत नाही, बांबूने ढकलतच जायचं. आमच्या नावेवर दोघं होते: मागे बांबू रोवणारा तरुण आणि पुढे दुर्बीण गळ्यात घातलेले साठीचे वाटाडे. तरुण त्यांना मउसा, म्हणजे मावशीचे यजमान, म्हणत होता, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. बूड चिखलाला लागेल इतकं उथळ पाणी, दोन्ही बाजूंना लव्हाळी आणि पाणकणसाची बेटं, मधून वाटा काढलेल्या.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर मी बरेच पक्षी पाहिलेत, तरी इथली दाटी वेगळीच. मालगुजे हजारोंनी उभे होते, चोची चिखलात मुठीपर्यंत खुपसून शिवणयंत्राच्या सुईसारखे वर-खाली. त्यांच्यात तलवार बदकं, थापटे, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या. कमळपक्षी तर नावेपासून दोन हातांवर. पण मला पक्ष्यांइतकंच मउसांकडे बघत राहावंसं वाटलं. ते पक्षी दाखवताना बोट करत नव्हते, हनुवटी करत होते. हात उचलला की जवळचे उडतात म्हणे. एका शेकाट्याने खाणं थांबवून मान ताठ केली, तसा त्यांनी मागे न बघता तळहात खाली दाबला आणि बांबू थांबला. शेकाट्या पुन्हा चिखलात चोच घालेपर्यंत आम्ही तिथेच. मागच्या नावेतल्या एकाने "जरा पुढे घ्या ना, फोटो मिळत नाही" असं हिंदीत सुनावलं. मउसा हसले. नाव हलली नाही.

ही नजर आली कुठून, हे त्यांनी सहज सांगितलं. "आधी मारायचो ना." पक्षी कधी सावध होतो, कधी नाही, रात्री कुठे बसतो, वारा कुठून असला म्हणजे उडतो, हे सगळं शिकारीतलं शिक्षण. गावठी बंदुका, जाळी आणि सगळ्यात वाईट म्हणजे विष कालवलेलं आमिष. "विष घातलं की सकाळी नुसते उचलायचे. पोरंसुद्धा उचलायची." मेलेली बदकं बाजारात जायची, हायवेवरच्या ढाब्यांवर जायची. मंगलाजोडीची तेव्हा शिकाऱ्यांचं गाव अशीच ओळख होती. नव्वदीच्या दशकाअखेरीस इथले पक्षी काही हजारांवर आले होते.

वाइल्ड ओरिसा या संस्थेचे नंदकिशोर भुजबळ त्या काळात इथे येऊन शिकाऱ्यांबरोबर बसू लागले. (आडनाव आपल्याकडचं वाटलं तरी माणूस ओडियाच.) २००० साली गावातल्याच शिकाऱ्यांची श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. राखणदारीला माणसं ठेवायची तर शिकाऱ्यांहून बरी कुठली मिळणार? पुढे गावाचा पर्यटन ट्रस्ट झाला, नावा, वाटाडे, खोल्या, स्वयंपाक असं सगळं गावाच्या हातात आलं. २०१८ मध्ये या ट्रस्टला संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेचा पुरस्कारही मिळाला.

ही गोष्ट सगळीकडे 'हृदयपरिवर्तन' म्हणून सांगितली जाते. मला ती तशी सांगणं थोडं अन्यायाचं वाटतं, गावावरच. मउसांना मी विचारलं, मन बदललं की पैसे मिळू लागले म्हणून सोडलं? ते म्हणाले, "दोन्ही. पण दीदी, पहिली काही वर्षं पैसे नव्हतेच. शिव्या होत्या." शेजाऱ्याची बंदूक काढून घ्यायची, भावकीतल्या माणसाची जाळी ओढायची, आणि घरी चूल तीच. पर्यटक नंतर आले. आजही हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी-मार्च एवढाच. उरलेल्या वर्षात मासेमारी, शेती, नावा बांधणं किंवा बाहेरगावी मजुरी. आमच्या नावेवरचा तरुण पावसाळ्यात सुरतेला जातो. पक्ष्यांनी सगळं गाव पोसलं असं कुणी म्हणालं तर तिथल्या चहाच्या टपरीवर लोक हसतील.

नुसती शिकार थांबून चिलिका वाचली नसती, हेही तिथेच कळतं. नव्वदीत सरोवरच मरायला टेकलं होतं. नद्यांनी आणलेला गाळ साचत होता आणि किनाऱ्याने सरकणारी वाळू समुद्राचं तोंड बुजवत होती. भरती आत येईना, गोडं पाणी बाहेर जाईना. खारटपणा घटला तशी पाणवनस्पती माजली आणि मासळी संपत आली. पाणथळ जागा जपण्याच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीत चिलिका १९८१ पासून होती. १९९३ मध्ये तिचं नाव धोक्यातल्या पाणथळ जागांच्या माँत्रे नोंदीत गेलं. चिलिका विकास प्राधिकरणाने उपाय शोधायला घेतला तेव्हा पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास कुठे झाला असेल? आपल्या खडकवासल्याला, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचाही हात होता. सिंहगडाच्या वाटेवर त्या फाटकावरून मी कितीदा गेले असेन, पण आत कुणी चिलिकेचं गणित मांडलं असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

अभ्यासाअंती सिपाकुदा गावाजवळ वाळूचा पट्टा कापून २३ सप्टेंबर २००० रोजी नवं तोंड उघडलं. समुद्राची वाट त्यामुळे १८ किलोमीटरने जवळ आली. १९९९-२००० मध्ये जेमतेम १,७०० टनांवर आलेली मासळी २००१-०२ मध्ये १२,००० टनांच्या घरात गेली. २००२ मध्ये माँत्रे नोंदीतून नाव निघालं आणि रामसरचा पुरस्कारही मिळाला. जानेवारीतल्या गणनेत आता सगळ्या चिलिकेत १० ते १२ लाख पक्षी भरतात.

मात्र एका गोष्टीबद्दल लोक आवाज खाली करून बोलतात: घेरी. बांबू आणि बारीक जाळी लावून सरोवराचा तुकडाच अडवायचा आणि आत कोळंबी पोसायची. जाळीत लहान मासाही अडकतो, पाण्याची वाट अडते, गाळ बसतो आणि पारंपरिक कोळ्याला त्याच्याच पाण्यात जाळं टाकायला जागा उरत नाही. कोळंबीचा पैसा मोठा, म्हणून बाहेरचे लोक आणि दांडगे आले. १९९१-९२ मध्ये टाटांच्या मोठ्या कोळंबी प्रकल्पाविरुद्ध कोळी, विद्यार्थी आणि गावकरी उठले. 'चिलिका बचाओ' आंदोलनापुढे तो प्रकल्प मागे पडला. ११ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने चिलिकेच्या हजार मीटरच्या आत कोळंबीच्या व्यापारी शेतीला मनाई केली. घेऱ्या तरी राहिल्याच. २९ मे १९९९ ला सोरना गावी घेऱ्या उखडणाऱ्या कोळ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, चौघांचा जीव गेला. माहितीपत्रकांत फ्लेमिंगो असतात, सोरना नसतं. माझ्या मते चिलिका वाचवण्याचा पहिला हप्ता या लोकांनी भरला, पुरस्कारांच्या आधी.

उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर अलीकडे घेऱ्या हटवायच्या मोहिमा निघतात. काढलेल्या जाळ्या पुन्हा लागतात, हेही लोक सांगतात. टपरीवरचा एक कोळी म्हणाला, "सरकार दिवसा काढतं. रात्र मोठी असते."

मंगलाजोडीहून पुरीमार्गे सातपाड्याला गेलो, डॉल्फिनसाठी. हे इरावदी डॉल्फिन, बोथट तोंडाचे, सहसा उड्या न मारणारे. चिलिकेत दीडशेच्या आसपास आहेत. इथे मात्र मोटारबोटी, आणि मंगलाजोडी पाहून आल्यावर कान किटतात. एक करडी पाठ वर आली की पाच-सहा बोटी तिच्याकडे वळतात. आमच्या नावाड्याला मी म्हटलं, "दादा, इंजिन बंद करा, आपण थांबू." त्याने केलं बंद, पण म्हणाला, "तुम्ही थांबता. पुढची पार्टी म्हणते डॉल्फिन नाही तर पैसे नाही." त्याचंही चूक नाही. पैसे डॉल्फिन दिसण्यावर बांधले तर तो पाठलाग करणारच. पैसे फेरीचे असतात, प्राण्याचे नाही, हे धक्क्यावरच ठणकावून सांगितलं पाहिजे, आणि ते पर्यटकाला सांगायचं आहे, नावाड्याला नव्हे.

पुढे समुद्राच्या तोंडाशी नेतात. वाळूवर लाल खेकडे, एका बाजूला शांत पाणी, दुसऱ्या बाजूला फुटणारा समुद्र. इथली वाळू कधी थांबत नाही. मे २०१९ च्या फनी वादळाने या पट्ट्यात आणखी तोंडं फोडली, तोंड सरकतं, बुजतं, पुन्हा गाळ काढावा लागतो. खडकवासल्यातलं गणितही इथे दर काही वर्षांनी नव्याने मांडावं लागणार.

जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीत जा आणि मंगलाजोडीला एक रात्र तरी राहा. पहाटेची नाव आदल्या संध्याकाळी गावातूनच ठरवा, हॉटेलच्या एजंटामार्फत नको, म्हणजे पैसे गावात राहतात. भडक कपडे नकोत. सातपाड्याला निघण्याआधी नावाड्याला सांगा, डॉल्फिन दिसला नाही तरी भाडं पूर्ण देऊ. आम्ही परतीच्या फेरीला तसं सांगितलं, आणि त्याने अर्धा तास इंजिन न लावता वल्ह्याने नाव नेली.